यंत्र घेण्याआधी शिकवणारा शोधा

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावातून आलेल्या पत्राचा हा सारांश. ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.

लिहिणाऱ्या ताईंचे यजमान ४५ वर्षांचे, पंचायत समितीत वरिष्ठ सहायक. रेटिनायटिस पिग्मेंटोझा या आजारामुळे त्यांची दृष्टी हळूहळू चालली आहे. रात्रीचं दिसणं केव्हाच गेलं, आता दिवसाही नजरेसमोरचा छोटासा भागच दिसतो. ऑफिसात त्यांनी ‘चष्म्याचा नंबर वाढलाय’ एवढंच सांगितलं आहे. फायलींचे फोटो फोनमध्ये काढून आणतात, जेवणं झाल्यावर ताई ते वाचून दाखवतात आणि टिपणी टाइप करून देतात. एका विक्रेत्याने लॅपटॉप, विकतचा स्क्रीन रीडर आणि बोलणारा चष्मा असं १ लाख ८५ हजारांचं कोटेशन दिलं आहे. शिकवण्याचे दोन तास त्यात फुकट. पैशांसाठी मुलीच्या शिक्षणाची मुदत ठेव मोडायची की पतसंस्थेचं कर्ज काढायचं, हा पेच आहे. थोरले दीर म्हणतात, स्वेच्छानिवृत्ती घ्या आणि दुकान टाका. ताई विचारतात: यासाठी सरकारी अनुदान मिळतं का? आणि आमच्यासारख्या पगारदारांनी योजना मागायला जाणं बरं दिसतं का?

ताई,

ठेव मोडू नका, कर्ज काढू नका, आणि त्या कोटेशनवर सही तर मुळीच करू नका. निदान इतक्यात तरी नाही.

पैसे कुठून आणायचे असं तुम्ही विचारलंत. मला आधी बघायचंय की ते पैसे नेमके कशाचे आहेत. लॅपटॉप घ्यायचाय, पण यजमानांचं काम ऑफिसच्या संगणकावर आहे आणि तो तिथे आहेच. स्क्रीन रीडर म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर. विकतचं ‘जॉज’ चांगलं आहे, अनेक अंध व्यावसायिक ते वर्षानुवर्षं वापरतात. पण त्याच कामासाठी ‘एनव्हीडीए’ नावाचा स्क्रीन रीडर पूर्ण मोफत मिळतो. मायकल करन या ऑस्ट्रेलियातल्या अंध तरुणाने २००६ मध्ये तो सुरू केला, जेम्स तेह त्याला येऊन मिळाला, आणि आज तो जगभर वापरला जातो. मराठी वाचतो. त्यातला आवाज यांत्रिक आहे, पहिले काही दिवस नकोसा वाटतो, मग कानाला सवय होते. पेन ड्राइव्हवरूनही चालतो, म्हणजे घरी आणि ऑफिसात दोन्हीकडे सराव करता येईल. विंडोजमध्ये स्वतःचा नॅरेटर आणि अक्षरं मोठी करणारं भिंगही असतंच. यजमानांचा फोन अँड्रॉइड असेल तर त्यात टॉकबॅक नावाचा स्क्रीन रीडर आजही आहे, फक्त सुरू केलेला नाही.

राहिला चष्मा. छापील कागद वाचून दाखवणं हे त्याचं मुख्य काम. तेच काम फोनच्या कॅमेऱ्यावर सीइंग एआय, लुकआउट अशी मोफत ॲप्स करतात. मराठी कागदावर ती कितपत बरोबर वाचतात ते तुमच्याच घरातल्या वीजबिलावर, पंचायतीच्या नोटिशीवर तपासून बघा. चष्मा वाईट आहे असं माझं म्हणणं नाही. ज्यांचे दोन्ही हात कामात अडकलेले असतात त्यांना तो फार उपयोगी पडतो. पण तो शेवटी घ्यायची गोष्ट आहे, आणि तीही काही दिवस वापरून पाहिल्याशिवाय नाही.

त्या कोटेशनमध्ये जी गोष्ट ‘फुकट’ म्हणून शेवटच्या ओळीत टाकली आहे ना, खरा खर्च तिचाच आहे. शिकवण्याचा.

दोन तासांत काय शिकवता येतं? सॉफ्टवेअर सुरू करणं, बंद करणं, आवाज कमी-जास्त करणं. वीस वर्षं माउसवर काम केलेल्या माणसाला माउस सोडून निव्वळ कळफलकावर यायचं असतं. टॅब, बाणांच्या कळा, एका खिडकीतून दुसऱ्या खिडकीत जाणं, वेबपानावर एच दाबत एका शीर्षकावरून दुसऱ्यावर उडी मारणं, एक्सेलच्या तक्त्यात आपण कोणत्या रकान्यात उभे आहोत ते कानांनी ओळखणं. हे सगळं बोटांत भिनायला महिना-दोन महिने रोज तासभर तरी द्यावा लागतो.

त्यात तुमच्या यजमानांच्या कामातल्या खास अडचणी आहेत. सरकारी ऑफिसांत अजून कितीतरी जुनी पत्रं श्रीलिपी, कृतिदेव, शिवाजी अशा फॉन्टमध्ये पडलेली असतात. डोळ्यांना ती मराठी दिसतात, पण संगणकाच्या लेखी ती इंग्रजी अक्षरंच असतात. स्क्रीन रीडरने अशी फाइल उघडली की तो ‘के, एस, स्वल्पविराम, डी’ असं काहीतरी बडबडत सुटतो. माणूस घाबरतो, त्याला वाटतं आपल्यालाच जमत नाही. खरं तर ती फाइल युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकालाही मराठी म्हणूनच कळेल अशा अक्षरांत, बदलून घ्यायला हवी असते, आणि ते काम काही मिनिटांचं असतं. स्कॅन केलेल्या पीडीएफचंही तसंच. तो नुसता फोटो असतो, त्यातला मजकूर ओळखून घेणारं सॉफ्टवेअर चालवलं नाही तर स्क्रीन रीडर गप्प बसतो. हे सांगणारा माणूस शेजारी नसेल तर महागातलं महाग यंत्र पहिल्या आठवड्यातच कपाटात जातं. अशी कपाटात गेलेली यंत्रं मी पुष्कळ घरांत पाहिली आहेत, काहींचे हप्ते अजून चालू होते.

म्हणून तुमचा प्रश्न मी थोडा बदलून घेते. १ लाख ८५ हजार कुठून आणायचे हा प्रश्न राहिलेला नाही. यजमानांच्या टेबलावर, त्यांच्याच फायलींवर, त्यांना धीराने शिकवणारा माणूस कसा मिळवायचा आणि त्याची फी कोण देणार, हा आहे.

ब्रिटनमध्ये ‘ॲक्सेस टू वर्क’ नावाची सरकारी योजना आहे. नोकरदार दिव्यांग व्यक्तीचं उपकरण आणि ते वापरायचं प्रशिक्षण, दोन्हींसाठी तिच्यातून मदत मिळते. आपल्याकडे असं एकच दार नाही. आपल्या बहुतेक योजना वस्तू देतात, कारण वस्तू मोजता येते, तिचं वाटप करता येतं, फोटो काढता येतो. शिकवण्याचे तास असे वाटता येत नाहीत. मला हे मनापासून खटकतं आणि जिथे संधी मिळेल तिथे मी ते बोलते. पण दार एक नसलं तरी काही खिडक्या आहेत. त्यातली सगळ्यात मोठी तुमच्या यजमानांच्या ऑफिसातच आहे.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मधलं कलम २० दोघांनी मिळून नीट वाचा. सरकारी आस्थापनेने दिव्यांग कर्मचाऱ्याला गरजेनुसार वाजवी सोय करून द्यायची आहे. जिल्हा परिषद आणि तिच्याखालची पंचायत समिती यात येते. नोकरीत असताना दिव्यांगत्व आलं तर त्या कर्मचाऱ्याला काढता येत नाही, पदावनतही करता येत नाही. आहे ते काम झेपत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत, त्याच लाभांसह दुसरं पद द्यायचं. तसं पद रिकामं नसेल तर ते मिळेपर्यंत किंवा निवृत्तीपर्यंत अधिसंख्य, म्हणजे नेहमीच्या मंजूर पदांहून जादा, पदावर ठेवायचं. आणि वाजवी सोय नाकारणं हा याच कायद्याच्या व्याख्येप्रमाणे भेदभाव ठरतो.

केंद्र सरकारने आपल्या कर्मचाऱ्यांसाठी ३१ मार्च २०१४ ला एक कार्यालयीन ज्ञापन काढलं होतं. दिव्यांग कर्मचाऱ्याला लागणारी उपकरणं, सॉफ्टवेअर, स्कॅनर कार्यालयाने द्यावीत किंवा त्यांचा खर्च परत करावा, असं त्यात स्वच्छ लिहिलं आहे. कामासंबंधीच्या प्रशिक्षणाचाही त्यात विचार आहे. ते जिल्हा परिषदेला थेट बांधील नाही, पण अर्जाला जोडायला उत्तम. आस्थापना शाखेला नमुना मिळाला की फाइल पुढे सरकायला मदत होते, हे यजमानांना माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल.

पण ताई, ऑफिसकडे काही मागायचं तर आधी ऑफिसला खरं सांगावं लागेल. तुमच्या पत्रात अनुदानाबद्दल चार ओळी आहेत आणि ‘कुणाला कळू नये’ याबद्दल दीड पान. यजमानांना भीती आहे की कळलं तर टेबल काढून घेतील, मागून बोलतील. ती भीती खोटी नाही. पण न सांगण्याचीही किंमत आहे आणि ती रोज चुकती होतेय. कायद्याचं संरक्षण दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र असलेल्या कर्मचाऱ्याला मिळतं, ‘नंबर वाढलाय’ म्हणणाऱ्याला नाही. उद्या न दिसल्यामुळे एखाद्या देयकात आकडा चुकला तर तो निष्काळजीपणा ठरेल. ऑफिसचे कागद फोनमधून घरी येतात, हेही कुणी उकरून काढलं तर त्यांनाच जड जाईल. आणि तुम्ही. दिवसभराचं काम आटोपून रात्री फायली वाचता. थकवा येतो असं तुम्ही पत्रात एकदाही म्हटलं नाहीत, म्हणून मीच म्हणते. ही व्यवस्था अशीच निवृत्तीपर्यंत चालणार नाही.

तेव्हा सगळ्यात आधी प्रमाणपत्र. स्वावलंबन पोर्टलवर यूडीआयडी, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, यासाठी अर्ज करायचा आणि दिलेल्या तारखेला सरकारी रुग्णालयात तपासणीला जायचं. इथे या आजाराच्या लोकांची हमखास एक फसगत होते. रेटिनायटिस पिग्मेंटोझामध्ये मधली नजर बरेच दिवस शाबूत राहते, कडेची जाते. समोरच्या तक्त्यावरची अक्षरं माणूस घडाघडा वाचतो आणि बाहेर पडताना दाराच्या चौकटीवर आपटतो. नुसता तक्ता वाचून घेतला तर टक्केवारी कमी लागते. कायद्यात मात्र नजरेच्या व्याप्तीचा स्वतंत्र निकष आहे: व्याप्ती ४० अंशांपेक्षा कमी आणि १० अंशांपर्यंत असेल तर अल्पदृष्टी, १० अंशांहून कमी असेल तर अंधत्व. म्हणून पेरिमेट्री, म्हणजे व्हिज्युअल फील्डची तपासणी, करून घ्या, तिचा ताजा अहवाल बरोबर न्या आणि डॉक्टरांना तो बघायची विनंती करा. ४० टक्के हा उंबरठा आहे. बहुतेक सगळे हक्क आणि योजना तिथून सुरू होतात.

प्रमाणपत्र हातात आलं की अर्ज. तो मोघम नको. ‘मला मदत मिळावी’ असं लिहिलं तर सहानुभूती मिळेल आणि फाइल बंद होईल. ऑफिसच्या संगणकावर एनव्हीडीए टाकायची परवानगी, हेडफोन, स्कॅनर आणि मजकूर ओळखणारं सॉफ्टवेअर, यापुढे येणारी पत्रं युनिकोडमध्ये मिळावीत, आणि अमुक संस्थेकडून अमुक तासांचं प्रशिक्षण, त्याची फी कार्यालयाने द्यावी व तो काळ कर्तव्य कालावधी धरावा, असं मुद्देसूद लिहायचं. कलम २० चा उल्लेख करायचा. गटविकास अधिकाऱ्यांमार्फत मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांकडे, प्रत जिल्ह्याच्या दिव्यांग कल्याणाचं काम बघणाऱ्या अधिकाऱ्याकडे. या यादीत खर्चाचा भाग किती थोडा आहे बघा. कार्यालयाला नाही म्हणायला फारसं कारण उरत नाही. तरीही नाही म्हणाले, तर याच कायद्याच्या कलम २३ प्रमाणे प्रत्येक सरकारी आस्थापनेत तक्रार निवारण अधिकारी नेमायचा असतो, आणि त्याच्या वर पुण्याला दिव्यांग कल्याण आयुक्तालय आहे. पण सुरुवात तक्रारीने करू नका. साहेबांना आधी भेटा, सांगा, मग अर्ज द्या.

खासगी नोकरीतल्या वाचकांसाठी इथेच एक सांगून ठेवते. कलम २० मधलं नोकरीचं संरक्षण सरकारी आस्थापनांपुरतं आहे. पण २० किंवा त्याहून जास्त कर्मचारी असलेल्या खासगी आस्थापनेलाही समान संधी धोरण जाहीर करावं लागतं आणि त्यात प्रशिक्षण व सहायक उपकरणांची तरतूद लिहावी लागते. एचआरला ‘आपलं समान संधी धोरण बघायला मिळेल का’ एवढं विचारा. कित्येक ठिकाणी या एका प्रश्नाने हालचाल सुरू होते.

आता तुम्ही विचारलेलं अनुदान. केंद्राची एडिप योजना सहायक उपकरणांसाठी आहे. अल्पदृष्टी आणि अंध व्यक्तींना तिच्यात स्मार्ट काठी, स्मार्टफोन अशा वस्तूही मिळतात. कानपूरच्या अलिम्को या सरकारी कंपनीमार्फत जिल्ह्याजिल्ह्यात तपासणी शिबिरं होतात. पण मासिक उत्पन्न २२,५०० रुपयांपर्यंत असेल तर पूर्ण मदत, ३०,००० पर्यंत असेल तर निम्मी. वरिष्ठ सहायकाचा पगार त्यात बसणार नाही. तेव्हा पगारदाराने मागणं बरं दिसतं का, याचं उत्तर असं, की उत्पन्नाची अट असलेल्या योजना तुमच्यासाठी नाहीतच, त्यामुळे कुणाचा वाटा घेण्याचा प्रश्न येत नाही. कार्यालयाकडून जे मागायचंय ते अनुदान नाही. त्याला उत्पन्नाची मर्यादा नाही, कारण ते नेमणूक करणाऱ्याचं कर्तव्य आहे. खुर्ची आणि पंखा मागताना आपण संकोचत नाही, मग हेडफोन मागताना का?

ज्यांचं उत्पन्न एडिपच्या मर्यादेत बसतं त्यांनी मात्र वस्तू घेतानाच ‘वापरायला कोण शिकवणार’ हे शिबिरात विचारावं, आणि जिल्हा दिव्यांग पुनर्वसन केंद्राचा पत्ता घेऊन यावं. तीच वस्तू पुन्हा मिळायला साधारणपणे तीन वर्षं थांबावं लागतं, म्हणून हाती पडलेली वस्तू न वापरता ठेवणं परवडत नाही.

दुसरी खिडकी तुमच्या यजमानांच्या ओळखीची आहे, कदाचित त्यांच्याच शाखेतून तिच्या फायली जात असतील: जिल्हा परिषद, पंचायत समिती, ग्रामपंचायत, नगरपालिका यांनी स्वउत्पन्नातून दिव्यांगांसाठी राखून ठेवायचा ५ टक्के निधी. बहुतेक ठिकाणी तो मार्चअखेर घाईघाईत वाटला जातो. रोख रक्कम, पिठाची गिरणी, शिलाई मशीन. गरजूंना त्याचा उपयोग होतो, त्याला माझा विरोध नाही. पण या निधीतून वैयक्तिक लाभाबरोबर सामूहिक कामंही घेता येतात. तालुक्यातल्या अंध आणि अल्पदृष्टी व्यक्तींसाठी फोन आणि संगणकाचं प्रशिक्षण, एखाद्या अनुभवी संस्थेच्या प्रशिक्षकाकडून, असा प्रस्ताव कुणी मांडतच नाही. तुमच्या तालुक्यात दहा-बारा जण सहज निघतील. शाळकरी मुलं असतील, मधुमेहाने नजर गेलेले गृहस्थ असतील. हा प्रस्ताव अंदाजपत्रकाच्या तयारीआधी जायला हवा, फेब्रुवारीत नेलात तर पुढच्या वर्षावर जाईल. एकट्याच्या अर्जापेक्षा दहा जणांच्या सह्यांना वजन असतं, आणि गावात आपण एकटेच नाही हे त्या निमित्ताने कळतं.

शिकवणारे कुठे आहेत? मुंबईला वरळीत नॅब, म्हणजे नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड. सेंट झेवियर्स कॉलेजातलं एक्सआरसीव्हीसी हे केंद्र २००३ पासून सहायक तंत्रज्ञानावरच काम करतंय. पुण्यात पूना ब्लाइंड मेन्स असोसिएशन. बेंगळुरूची एनेबल इंडिया नोकरीतल्या दिव्यांगांना तयार करण्याचं काम करते, आणि दिल्लीच्या स्कोअर फाउंडेशनचा ‘आयवे’ हा मदत कक्ष फोनवरून मार्ग दाखवतो. डेहराडूनच्या राष्ट्रीय दृष्टी दिव्यांगजन सशक्तीकरण संस्थेत मोठेपणी दृष्टी गेलेल्यांसाठी प्रशिक्षण केंद्र आहे. संस्थांचे वर्ग पुष्कळदा मोफत किंवा नाममात्र फीचे असतात. तुमचा खर्च येण्याजाण्याचा, राहण्याचा आणि रजेचा. त्यामुळे फोन करतानाच विचारा की सुरुवातीचे दिवस तिथे आणि मग पुढचे तास ऑनलाइन, असं जमेल का. खासगी प्रशिक्षक गाठायचा झाला तर स्वतः अंध असलेला, रोज स्क्रीन रीडरवर पोट भरणारा माणूस शोधा. ताशी दर ठरवा, सगळे पैसे आधी देऊ नका, आणि पहिल्याच तासाला यजमानांची एक खरी टिपणी समोर ठेवा. ती टाइप करायला शिकवता येत नसेल तर तो प्रशिक्षक तुमच्या कामाचा नाही.

त्याच फेरीत लो व्हिजन क्लिनिकमध्येही जाऊन या. उरलेली नजर अजून किती कामाची आहे ते तिथे कळतं. कधीकधी पडद्यावर काळ्या पार्श्वभूमीवर पिवळी अक्षरं आणि टेबलावर नीट लावलेला दिवा, एवढ्याने दिवसाचे काही तास सुटे होतात. पांढरी काठी वापरायलाही तज्ज्ञाकडूनच शिकावं लागतं. रात्री दिसत नसेल तर तो विषय पुढे ढकलू नका.

तुमच्या खिशातून जाईल असा खर्च यानंतर उरतो तो प्रवासाचा आणि कदाचित काही तासांच्या फीचा. त्यासाठी ठेव मोडायची गरज नाही. प्रमाणपत्र मिळाल्यावर व्यवसाय करातून सूट मागा, वर्षाचे २,५०० रुपये वाचतात. आयकरातली ७५ हजारांची, आणि ८० टक्क्यांवर दिव्यांगत्व असेल तर सव्वा लाखाची वजावट जुन्या करप्रणालीतच मिळते. नव्या प्रणालीत आता १२ लाखांच्या उत्पन्नापर्यंत कर लागत नसल्याने तुम्हाला तिचा फारसा फरक पडणार नाही. यजमान नोव्हेंबर २००५ नंतर लागलेले असतील तर त्यांचं खातं एनपीएसमध्ये, म्हणजे राष्ट्रीय पेन्शन योजनेत, असेल. दिव्यांगत्वामुळे आलेल्या खर्चासाठी आणि नवं कौशल्य शिकण्यासाठीही स्वतःच्या अंशदानाच्या २५ टक्क्यांपर्यंत रक्कम त्यातून काढता येते. पण तीही ऑफिसचं उत्तर आल्यावर. आणि पुढे खरोखर कर्ज घ्यायची वेळ आली, म्हणजे दिव्यांग व्यक्तीला स्वतःचा धंदा, उच्च शिक्षण किंवा व्यावसायिक प्रशिक्षण यासाठी पैसा हवा असेल, तर पतसंस्थेच्या आधी राज्याच्या दिव्यांग वित्त व विकास महामंडळाकडे जावं. केंद्राच्या महामंडळाचं कर्ज त्यांच्यामार्फत मिळतं आणि व्याज रकमेनुसार साधारण ५ ते ९ टक्के असतं. नोकरी नसलेल्या दिव्यांग तरुणांसाठी पीएम-दक्ष पोर्टलवर मोफत कौशल्य प्रशिक्षणं असतात. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक किंवा बहुदिव्यांगत्व असलेल्या मुलांच्या पालकांनी निरामय हा वर्षाला एक लाखापर्यंतचा आरोग्य विमा बघावा, त्यात थेरपीचाही खर्च धरलेला आहे.

भाऊजींच्या सल्ल्याबद्दल. ते काळजीपोटी बोलतायत. पण ज्या दिवशी यजमान स्वतःहून निवृत्ती घेतील त्या दिवशी कलम २० चं संरक्षण संपतं, आणि हातात येतं एक दुकान, ज्यात गिऱ्हाईक, नोटा, वजनमाप सगळं नजरेवरच चालतं. तिथेही शिकावं लागेलच, फक्त दरमहा पगार नसताना. दुकान टाकायचंच असेल तर तो निर्णय प्रशिक्षण झाल्यावर, ऑफिसात नव्या पद्धतीने वर्षभर काम करून बघितल्यावर घ्यावा. त्या वेळी त्यांना खरंच वाटलं तर मी विरोध करणार नाही.

एक गोष्ट मला पत्रात दिसली नाही. यजमानांना स्वतःला काय वाटतं? कोटेशन तुम्ही मागवलंत, ठेवीचा विचार तुम्ही केलात, पत्रही तुम्हीच लिहिलंत. हे प्रेमाने चाललंय यात शंका नाही. पण शिकायचंय त्यांना. त्यांच्या मनाची तयारी नसताना प्रशिक्षक आणलात तर चौथ्या दिवशी काहीतरी कारण निघेल. आधी त्यांना अशा एखाद्या माणसाशी फोनवर बोलू द्या, जो याच आजारातून गेला आहे आणि आज नोकरी करतोय. वर सांगितलेल्या संस्था असा माणूस गाठून देऊ शकतात. त्या वेळी तुम्ही खोलीत नसलात तर बरं.

आणि ऑफिसचा तो अर्ज तुम्ही टाइप करून देऊ नका. फोनच्या कळफलकावर मराठी बोलून लिहिण्याची सोय असते, ती आज रात्रीच सुरू करा. अर्ज त्यांनी बोलायचा, फोनने लिहायचा, टॉकबॅककडून वाचून घ्यायचा. तुम्ही शेवटी शुद्धलेखन तेवढं बघा. दिल्यावर आवक क्रमांकासह पोच घ्या, आणि तिची एक प्रत घरच्या फायलीत लावून ठेवा.